छकड्याची दांडी

शिदू मेस्त्रींच्या छपरात मी पहिल्यांदा गेलो तो एक सागवानी फळी काखेत मारून. पुस्तकांसाठी मांडणी करायची होती आणि सुतारकाम हे डॉक्टरकीपेक्षा सोपं असणार असा माझा समज होता. मी गुरांचा डॉक्टर. उंब्रजपासून आत, नदीच्या अंगाला असलेल्या एका गावी सरकारी दवाखान्यावर माझी बदली झाली होती आणि राहायची खोली मेस्त्रींच्या छपराला लागूनच मिळाली होती. बायको नोकरीपायी पुण्यात. दिवसभर गाई-म्हशींच्या पोटात हात घालायचा आणि संध्याकाळी खोलीत बसून भिंत बघायची, याचा मला वीट आला होता. मेस्त्रींनी फळी घेतली, उभी धरली, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकली, बोटाच्या पेरानं दोन-तीन ठिकाणी वाजवली आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाले, फळी बरी आहे, पण ती आठ दिवस खोलीत उभी करून ठेवा. तिला खोलीची हवा कळू द्या. तोवर रोज येऊन पटाशीला धार लावा.

मला वाटलं, नव्या माणसाची चेष्टा करताहेत. पण चेष्टा नव्हती. आठ दिवस मी दगडावर तेल सोडून पटाशी घासत बसलो. आधी पटाशीची पाठ सपाट करायची, पार चेहरा दिसेपर्यंत, आणि मगच पुढच्या उताराला हात लावायचा. उतार घासताना मनगट हलवायचं नाही, सगळं अंग पुढं-मागं न्यायचं. धार आली की नाही हे मी अंगठ्यावर बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली. अंगठ्यावर धार बघणारा सुतार आणि कपाळाला हात लावून ताप सांगणारा डॉक्टर दोघं एकाच लायकीचे, असं त्यांचं मत होतं. सावरीच्या मऊ लाकडाचा तुकडा घ्यायचा आणि त्याच्या आडव्या तोंडावर पटाशी चालवायची. लाकूड गुळगुळीत, चकचकीत सुटलं तर धार आहे. भुगा होऊन सुटलं तर परत दगडावर. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि निसटलेली पटाशी पुढं धरलेल्या हातातच जाते. म्हणून दोन्ही हात नेहमी धारेच्या मागं. हे ते मला इतक्या वेळा सांगत, की मी एकदा चिडून म्हटलं, मेस्त्री, मी रोज म्हशीच्या मागच्या पायांशी उभा राहतो, मला धोका कळतो. ते म्हणाले, म्हैस आधी कान तरी हलवते.

सत्तरी ओलांडलेले, उंच, वाळके, अंगात बंडी आणि खाली पायजमा. छपरात कायम अनवाणी. पायाखालच्या ढलप्यांवरून त्यांना म्हणे रंधा नीट चालतो की नाही ते कळायचं. मूळचे ते पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले. बापाच्या मागून इकडं आले आणि इथलेच झाले. लाकडावर पेन्सिलीची खूण करणाऱ्याला ते सुतार मानत नसत. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, मग करवत रेघेच्या अलीकडून चालवायची की पलीकडून? त्यापेक्षा सुरीच्या टोकानं ओरखडा काढावा, पटाशी आपोआप त्यात बसते. बंडीच्या खिशात मात्र शाईची एक छोटी बाटली असे. तिचं काम वेगळं होतं. कुठलंही लाकूड हातात आलं की त्याच्या अंगावर शाईचा एक थेंब टाकायचा आणि थांबायचं. शाई लाकडाच्या रेषेरेषेनं पळते. ती सरळ लांबवर गेली तर लाकूड भार घेईल. तिरकी होऊन कडेला गेली तर ते लाकूड फार तर पाटाला वापरायचं, दांड्याला नाही.

मेस्त्रींचा स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. गावातल्या निवृत्त सुभेदारांनी भर उन्हाळ्यात नवा दरवाजा बसवून घेतला. मेस्त्रींनी चौकटीत रुपया जाईल एवढी फट ठेवली. लाकूड पावसाळ्यात फुगतं, त्याला जागा लागते, हे त्यांनी सांगितलंही होतं. सुभेदारांना फट म्हणजे कामचुकारपणा वाटला. त्यांनी कराडहून दुसरा माणूस आणून आत पट्टी मारून घेतली. आषाढात दरवाजा असा बसला की दोन महिने सगळं घर परसदारानं ये-जा करत होतं. मेस्त्री तिथून जाताना रोज थांबून काठीनं दार वाजवायचे आणि सुभेदार आत आहेत का अडकलेत, अशी चौकशी करायचे. सुभेदारीणबाईंनी हात जोडल्यावर मग रंधा घेऊन गेले.

नियमाच्या बाबतीत माणूस हट्टी. खंडेनवमीला हत्यारं धुऊन, पुसून, हळद-कुंकू लावून पाटावर मांडली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. एका खंडेनवमीला शेजारच्या वस्तीवर गव्हाणीच्या फळ्यांत वासराची मान अडकली. वासरू गुदमरत होतं, मी मेस्त्रींना ओढत नेलं. ते आले, पण मी सोबत घेतलेल्या करवतीला हात लावीनात. मला म्हणाले, "तुमी उचला. पूजा मी केलीया, तुमी न्हाई." मी करवत धरली आणि ते मागं हात बांधून सांगत राहिले की मनगट सैल सोडा, पहिले चार हात मागं ओढा, दाबू नका, करवतीचं वजन करवतीला असतं. वासरू सुटलं. हसावं की रागवावं ते मला कळत नव्हतं. स्वतःच्या नियमापुढं हा माणूस वासरू मरू देईल की काय असं मला क्षणभर वाटलं होतं. पुढं जे झालं त्यामुळं हा दिवस मला वारंवार आठवतो.

मोडलेलं लाकूड वाचायलाही त्यांनीच मला शिकवलं. कोणी कुऱ्हाडीचा मोडका दांडा आणला की नवा बसवण्याआधी ते मोडलेलं टोक उजेडात धरत. लाकूड लांब फाटून, तंतू सोडत मोडलं असेल तर ते आपल्या ताकदीबाहेर वापरलं गेलं, त्यात वापरणाऱ्याचा दोष. आखूड, मुळा मोडावा तसं कट्कन मोडलं असेल तर रेष वाकडी होती, आणि तो दोष सुताराचा. तिसरं काही नसतं, असं ते म्हणत. म्हणूनच दांडा किंवा दांडी असली की लाकूड करवतीनं कापायचं नाही. पाचर ठोकून फोडायचं. पाचर लाकडाच्या रेषेनंच जाते, करवत सुताराच्या मर्जीनं जाते.

बैलगाड्यांच्या शर्यतींवरची बंदी उठली आणि आमच्याकडची गावं वेडी झाली. जत्रा म्हटली की मैदान आलंच. शर्यतीचा छकडा म्हणजे दोन चाकं, माणूस जेमतेम बसेल एवढी फळी आणि बैलांच्या मधून पुढं जाणारी एक लांब दांडी. दांडीच्या टोकाला जू. छकडा जितका हलका तितका बरा. कराडला एकजण पाइप जोडून छकडे करू लागला आणि दोन वर्षांत मेस्त्रींकडं कोणी येईनासं झालं. ते बोलून दाखवत नसत. पण मैदानाकडं जाणारे पाइपचे छकडे ते छपराच्या तोंडाशी उभं राहून शेवटपर्यंत बघायचे.

जयसिंगदादा हे गावातले मोठे ऊसवाले. त्यांच्याकडं बादल आणि लक्ष्या ही खिलार जोडी होती. दादांची हौस अशी की आपल्या गावच्या जत्रेत आपल्या जोडीला लाकडाचा छकडा असावा, आणि तो पाइपपेक्षा हलका असावा. ते आले तेव्हा मी छपरातच बसलो होतो. गडी वखारीतून तिवसाच्या लाकडाची, करवतीनं कापलेली दांडी घेऊन मागं उभा होता. मेस्त्री म्हणाले, ओंडका आणा, मी फोडून काढतो, महिना लागेल. दादा म्हणाले, जत्रा पंधरा दिवसांवर आली आहे. शिवाय मेस्त्रींचा उजवा खांदा त्या वर्षी वर जात नव्हता. घण मारणं त्यांना आता जमणार नाही हे तिथं बसलेल्या तिघांनाही कळत होतं. दादा उठता उठता सहज म्हणाले की नाहीतर पाइपवाला आहेच. मेस्त्रींनी दांडी ठेवून घेतली.

मी चार दिवस वाईला बायकोच्या माहेरच्या लग्नाला गेलो. परत आलो तर छकडा तयार होता. दांडी इतकी निमुळती काढली होती की मी सगळा छकडा एका हातानं उचलला. सांध्यांच्या कुसा आपापल्या खाचांत अशा बसल्या होत्या की मधे नखसुद्धा जात नव्हतं. मी तोंड भरून कौतुक केलं. मेस्त्री म्हणाले, "हूं." दमले असतील असं मला वाटलं.

छकडा हाकायला अंकुश होता. तिशीच्या आतला, अंगानं काटकुळा, म्हणून ड्रायव्हर म्हणून आसपासच्या गावांत त्याला मागणी. सैन्याच्या भरतीत तीनदा धावून आला होता, छातीच्या मापात कमी पडला होता. घरी बायको सुनंदा आणि एक मुलगी. जत्रेच्या मैदानात बैल तपासायची माझी ड्युटी होती, म्हणून मी चाकोरीच्या कडेलाच उभा होतो. पहिली फेरी जिंकली. दुसऱ्या फेरीत छकडा आमच्यासमोर आला आणि जुवाच्या मागं हातभर अंतरावर दांडी मोडली. मोडकं टोक जमिनीत रुतलं, छकडा उलटला, अंकुश शेजारच्या चाकोरीत पडला आणि तिथून येणाऱ्या छकड्याचं चाक त्याच्या पाठीवरून गेलं. बैल जू घेऊन तसेच पुढं पळाले. मी बैलांच्या मागं धावलो. इतक्या वर्षांची सवय. माणूस पडला होता आणि मी बैलांकडं धावलो, याची लाज मला अजून वाटते.

बादल आणि लक्ष्या, दोघांचे पाय मी खुरापासून वर तपासले. सूज नाही, खरचटलं नाही, ठेच नाही. परत आलो तेव्हा अंकुशला गाडीत घालून कराडला नेलं होतं. मैदानात मेस्त्री एकटेच गुडघ्यांवर बसले होते आणि दांडीचा तुकडा त्यांच्या हातात होता. मी जवळ गेलो. टोक आखूड मोडलं होतं. त्यावर तिरकी, अगदी फिकट अशी निळी रेघ होती. रंध्यानं वरची शाई काढली होती, आत मुरलेली राहिली होती. म्हणजे थेंब टाकला होता. शाई कुठं पळाली ते बघितलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं.

संध्याकाळपर्यंत गावाचं ठरलं होतं की बादल अडखळला आणि त्या हिसक्यानं दांडी मोडली. ते सगळ्यांनाच सोयीचं होतं. जत्रेच्या कमिटीला पोलिसांची कटकट नको होती. जयसिंगदादांनी चावडीसमोर सांगून टाकलं की माझ्या बैलानं पाडलंय, अंकुशचं दवाखान्याचं, औषधाचं सगळं मी बघीन. गावानं त्यांना नावाजलं. आणि जो तो मेस्त्रींना भेटून सांगू लागला की एवढा देखणा छकडा, बैलानं घात केला. मेस्त्री मान हलवायचे. चार दिवस त्यांनी छपर उघडलं नाही. पाचव्या दिवशी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसले.

"डॉक्टर, तुमी बघितलंसा."

मी हो म्हटलं.

"शाई चार बोटांत कडंला गेली व्हती. तवाच कळलं मला. म्हनलं, तीन फेऱ्या तर काढंल. मग मोडून चुलीत घालीन." पुढं म्हणाले, "पाइपवाल्याच्या म्होरं एकदा जायाचं व्हतं मला. बास, येवढंच."

मला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली होती. ज्या माणसानं मला आठ दिवस नुसती धार लावायला बसवलं, त्यानं हे करावं हे मला सहन होत नव्हतं. ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

अंकुश दोन महिन्यांनी घरी आला, कमरेखाली काही हलत नव्हतं, काही कळत नव्हतं. मेस्त्रींनी ठरवलं होतं की आधी त्याला सांगायचं आणि मग चावडीवर सगळ्या गावाला. मला सोबत नेलं, कारण बैलांचे पाय धड होते हे सांगणारा मी एकटाच होतो. अंकुश खाटेवर, सुनंदा भिंतीला टेकून उभी. मेस्त्रींनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं. शाई, रेष, वखारीची दांडी, सगळं. अंकुश वर पत्र्याकडं बघत होता.

"आनि कुनाला सांगितलंसा?"

"अजून न्हाई. आता चावडीवर सांगनार हाय."

तेव्हा सुनंदा बोलली. आवाज चढवला नाही तिनं. "आवं मेस्त्री, दादा बैलापायी औषिद देत्यात. दांडीच खोटी व्हती म्हनलं की त्ये तुमच्याकडं बोट दावनार. आनि तुमच्याकडं काय हाय? तुमी सांगितलं की तुमचं मन हलकं व्हईल, आमची औषिदं बंद व्हतील."

मेस्त्रींनी विचारलं, मग मी काय करू. अंकुशनं पहिल्यांदाच त्यांच्याकडं मान वळवली.

"गप ऱ्हावा. मरंस्तवर."

परत येताना मेस्त्री रस्त्यात दोनदा थांबले. मीही गप्पच राहिलो. माझ्या तपासणीच्या कागदावर बैलांचे पाय धड असल्याचं लिहिलं होतं. तो कागद कोणी मागितला नाही आणि मी कोणाला दाखवला नाही. दिवाळीआधी दादांनी बादलला बाजार दाखवला. मैदानात माणूस पाडणारा बैल कोणाला हवा असतो? मी दादांना तीनदा सांगून बघितलं की जनावर निर्दोष आहे, पण का निर्दोष आहे ते सांगता येत नव्हतं. तो गाडीत चढताना मेस्त्री छपराच्या तोंडाशी उभे होते. त्यानंतर त्यांनी नव्या कामाला हात लावला नाही.

म्हणजे गावाच्या कामाला. अंकुशच्या घरी ते रोज सकाळी जाऊ लागले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. आधी खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे केले, धरून कुशीवर वळता यावं म्हणून. मग खाटेच्या उंचीची फळी, तिच्यावरून सरकून खुर्चीत जाता यावं म्हणून. मग शौचाला बसायची खुर्ची. पाचर ठोकायला आता त्यांनी मला लावलं. मी घण मारायचा, ते पाचर कुठं ठेवायची ते दाखवायचे. ओंडका फुटला की दोन्ही फाळकं उजेडात धरून बघायचे, आणि जरा शंका आली की बाजूला. एका खुर्चीसाठी त्यांनी पाच ओंडके नाकारले. कडा किती गोल करायच्या यावर त्यांचं समाधान होत नव्हतं. काचेच्या तुकड्यानं खरवडायचं, मग काकींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, जुनं रेशमी लुगडं साऱ्या लाकडावरून ओढायचं. लुगड्याचा धागा जिथं अडकेल तिथं कुसळ आहे. मी म्हटलं, मेस्त्री, आता पुरे. ते म्हणाले, "त्याला टोचलेलं कळत न्हाई, डॉक्टर. जखम व्हऊन सडल्यावर कळंल. म्हनून हितं आपल्याला कळाया पायजे."

अंकुश त्यांच्याशी बोलत नसे. खुर्ची आली, तो बसला. कठडे आले, धरले. चांगलं आहे, वाईट आहे, काही नाही. सुनंदा चहा द्यायची, तोही मेस्त्रींच्या हातात नाही, जमिनीवर ठेवायची. ते उचलून प्यायचे.

दोन वर्षांनी माझी बदली सांगली जिल्ह्यात, पार जतच्या बाजूला झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी अंकुशचा निरोप घ्यायला गेलो. मेस्त्री नेहमीप्रमाणं तिथंच होते. दारात औंधकडचे दोन शर्यतीवाले बसले होते, कुठल्याशा मैदानाहून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून अंकुशला बघायला आलेले. मेस्त्री त्याला खाटेवरून खुर्चीत घेत होते. उजवा खांदा निकामी, म्हणून डाव्या हातानं त्याच्या काखेत धरलेलं, आणि अंकुशचे दोन्ही हात त्यांच्या गळ्यात. दोघांचे गाल एकमेकांना लागलेले होते.

पाहुण्यांतल्या एकानं हळहळून विचारलं, "नेमकं झालं तरी काय, गड्या? छकडा तर मेस्त्रींचा व्हता म्हनं."

मेस्त्री होते तिथंच थांबले. अंकुशचं सगळं वजन त्यांच्या एका हातावर होतं.

"बैल अडखळला," अंकुश म्हणाला. त्यानं ते पाहुण्यांकडं बघून सांगितलं नाही. मेस्त्रींच्या कानाशीच तोंड होतं त्याचं. "छकड्यात काय खोट नव्हती. मेस्त्रींनाच इचारा."

दोन्ही पाहुणे मेस्त्रींकडं बघू लागले. सुनंदा चुलीपाशी हातातलं काम थांबवून बघत होती. हे असं प्रत्येक येणाऱ्यासमोर होत असणार हे मला तेव्हा कळलं. अंकुश त्यांना वाचवत होता की रोज नव्यानं शिक्षा देत होता, ते मात्र मला सांगता येणार नाही. कदाचित त्यालाही सांगता आलं नसतं.

"व्हय," मेस्त्री म्हणाले. "बैलच अडखळला."

मग त्यांनी अंकुशला सावकाश खुर्चीत बसवलं, खाली वाकून त्याचे दोन्ही पाय एकेक करून पाटावर ठेवले, आणि टाचेखाली कुठं काही टोचत तर नाही ना, ते हात घालून बघितलं.